वानगी कोणाच्या हक्काची?

मॉलमधल्या नमुन्यांच्या टेबलाभोवती झुंबड उडाल्याचा एखादा व्हिडिओ अधूनमधून फिरू लागतो आणि तोच जुना वाद नव्याने पेटतो. एक बाजू गिऱ्हाइकांवर तुटून पडते. चारचाकीतून येतात, चीजच्या तुकड्यासाठी रांग लावतात, फिरून फिरून दोनदा चाखतात, घेत मात्र काहीच नाहीत. आपल्या लोकांची फुकटेपणाची खोड जायची नाही, असा तिचा सूर. दुसरी बाजू कंपन्यांवर तुटून पडते. नमुना म्हणजे आमिष, माणसाला सवय लावायची आणि मग आयुष्यभर वसूल करायचं, तेव्हा हे सगळं बंदच करा, असं तिचं म्हणणं. दोन्हीकडचा राग खरा आहे. पण नमुना ही देणाऱ्याने घेणाऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेलं असतं. एकाला ती मेहेरबानी लाटणारं गिऱ्हाईक खुपतं, दुसऱ्याला तिच्यामागचा हेतू. मला हे गृहीतकच मान्य नाही.

माल घेण्याआधी त्याची परख करणं हा विकत घेणाऱ्याचा हक्क आहे आणि दुकानातला नमुना हे त्या हक्काचं आज उरलेलं रूप आहे. ते टिकलं पाहिजे, वाढलंही पाहिजे. मात्र ‘मोफत नमुना’ याच नावाखाली आणखी एक व्यवहार चालतो. त्यात मालाची परख होतच नाही. घेणाऱ्याची अवस्थाच अशी बदलते की त्याला तो माल घेतल्यावाचून गत्यंतर उरत नाही. तो व्यवहार कायद्याने बंद असला पाहिजे, आणि काही बाबतींत तो आपल्याकडे बंद आहेही. या दोहोंतला फरक ओळखायला मी एक कसोटी लावतो. नमुना घेतल्यानंतर ‘नको’ म्हणणं आधीइतकंच सोपं राहिलं का, आणि ते म्हणताना माणसाला आधीपेक्षा जास्त कळलेलं आहे का?

आठवडी बाजारात ज्वारी घ्यायला आलेली बाई आधी मूठभर दाणे तळहातावर पसरते, फुंकर मारते, एखादा दाणा दाताखाली फोडून बघते. आंबेमोहोर घेणारा चार दाणे चोळून नाकाशी नेतो. शेंगदाणा खवट नाही ना, खोबऱ्याला वास तर येत नाही ना, हे चाखूनच ठरतं. कलिंगडवाला चौकोनी छेद देऊन आतली लाली दाखवतो, आंबेवाला पेटीतला एक आंबा कापून फोड हातावर ठेवतो. या बाईला किंवा त्या आंबा चाखणाऱ्याला आजवर कोणी फुकटं म्हटलेलं नाही. दाणे फोडून बघितल्यावर ती पुढच्या पथारीकडे गेली तरी विकणारा फार तर भाव थोडा कमी करून हाक मारतो. ही वानगी बाजाराच्या रीतीचा भाग होती, तिच्यासाठी कोणाचे आभार मानावे लागत नव्हते.

पुढे माल पाकिटात गेला. त्याचे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सुट्या मालातली भेसळ आणि मापातली लबाडी यांनी आपल्या आधीच्या पिढ्या पिडलेल्या होत्या. वैधमापन कायद्याखालच्या २०११ च्या नियमांमुळे पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. पण चव छापता येत नाही, वास छापता येत नाही, आणि हे लोणचं आपल्या घरात खाल्लं जाईल का हे तर मुळीच नाही. पाकीट बंद झालं तेव्हा परख करण्याचं काम गिऱ्हाइकाच्या हातून गेलं आणि त्या जागी जाहिरात येऊन बसली. ज्वारीचा दाणा फोडून बघणाऱ्या बाईच्या नातीला आता एखाद्या नटाचा हसरा चेहरा बघून पीठ निवडावं लागतं. मग तिने टेबलावरचा भाकरीचा तुकडा चाखला आणि पीठ न घेता ती पुढे गेली, तर तिने कोणाचं काय लुबाडलं?

यावर पहिला आक्षेप येतो तो हिशेबाचा, आणि तो बरोबर आहे. जगात फुकट काही नसतं. वाटलेल्या प्रत्येक नमुन्याचा खर्च विकल्या गेलेल्या पाकिटाच्या किमतीत चढवला जातो, म्हणजे जो चाखत नाही, नुसता विकत घेतो, तोही चाखणाऱ्यांचे पैसे भरतो. मला हे पूर्ण मान्य आहे. पण हा खर्च कशाऐवजी होतो, ते बघायला हवं. क्रिकेटच्या सामन्यात दोन षटकांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातीचा खर्चही त्याच पाकिटात असतो, आणि तिच्यातून पीठ कसं आहे हे कोणालाच कळत नाही. दोन्ही खर्च गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार असतील, तर ज्या खर्चातून त्याला काही कळतं तो मी पत्करीन.

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मालाचे दोन प्रकार सांगितले होते. काही मालाचा गुण घेण्याआधी बघूनच कळतो, काहींचा वापरल्यावरच कळतो. तीन वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार पुढे आणला: ज्याचा गुण वापरल्यावरही सामान्य माणसाला नीट कळत नाही, केवळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, असा माल. आपल्या वादात हे तीन प्रकार वेगळे केले असते तर निम्मा गोंधळ संपला असता. साडीचा रंग बघून कळतो, नमुना लागत नाही. लोणचं, मसाला, सरबत, साबण हे वापरल्यावर कळतात; तिथे नमुना हेच प्रामाणिक साधन आहे. आणि ताकद वाढवणारी पावडर किंवा केस उगवणारं तेल यांची पुडी चार दिवस वापरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे नमुना परखीचं सोंग घेऊन येतो आणि जाहिरातीचं काम करून जातो.

नमुना बंद केला तर कोणाचं नुकसान होईल, याचाही विचार झालेला दिसत नाही. ‘उमेद’ अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातल्या बचत गटांच्या बाया आपला माल घेऊन येतात. सोलापूरकडची शेंगांची चटणी, कोकणातलं आगळ, विदर्भातल्या सांडग्या मिरच्या, नाना तऱ्हेचे पापड. यांच्याकडे नट नाही, वाहिनीवरचे तीस सेकंद नाहीत, मोठ्या दुकानात डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा विकत घेण्याची ऐपत नाही. त्यांच्याकडे आहे ती एक छोटी वाटी आणि ‘ताई, चव तरी बघा’ एवढं वाक्य. मोठ्या कंपनीला नमुना नसला तरी अडत नाही, तिच्या हाती इतर दहा हत्यारं आहेत. मोठ्यांना चाप लावायचा म्हणून सगळ्यांवर बंदी घातली तर आधी या वाट्या उचलल्या जातील.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात बळकट वाटतो. तो भिडेचा. कोणी आपल्या हातावर काही ठेवलं की आपण मिंधे होतो. खाल्ल्या मिठाला जागावं असं शिकवणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत आणि विक्रीचं शास्त्र जाणणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. समोर उभी असलेली मुलगी हसून कागदी कप पुढे करते, ‘कसं वाटलं?’ विचारते, आणि अर्ध्या मिनिटात आपण नको असलेली बाटली टोपलीत टाकतो. इथे ‘नको’ म्हणणं आधीपेक्षा अवघड झालेलं असतं, म्हणजे माझ्याच कसोटीवर हा नमुना डळमळतो.

फुकट दिलेल्या कपाला किती अर्थ चिकटू शकतात, हे पुण्याने १८९० मध्ये पाहिलं आहे. पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसं तिथे होती. काहींनी चहा घेतला, काहींनी भिडेखातर कप नुसता हाती धरला. पुढे गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या वादाचा विषय जातिधर्माचा होता, बाजाराचा नव्हता. ती रूढी मोडायलाच हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. समोर आलेला कप नाकारता येत नाही म्हणून हाती धरणारी माणसं विचाराने दुबळी मुळीच नव्हती. भीड ही चारचौघांतल्या वागण्याची ताकद आहे, ती शहाण्यालाही वाकवते.

मग भिडेवर उपाय काय? इथेच गिऱ्हाइकांची टवाळी करणाऱ्यांनी स्वतःच्या बोलण्याचा परिणाम तपासावा. चाखून न घेता निघून जाणाऱ्याला आपण फुकट्या म्हणतो, त्याचा व्हिडिओ काढतो, हसतो. ते पाहिलेला पुढचा माणूस लाजेने पाकीट उचलतो. कंपनीला जी भीड घालायला टेबल, माणूस आणि माल यांवर पैसे खर्चावे लागतात, ती आपण समाज म्हणून तिला विनामूल्य पुरवतो. ज्वारीवाल्याच्या पथारीवरून बाई उठून जाते तेव्हा तिला लाज वाटत नाही, कारण बघून न घेणं ही तिथली मान्य रीत आहे. तीच रीत मॉलमध्ये आली पाहिजे. चाखा, आवडलं नाही तर पुढे जा, उद्या पुन्हा चाखा. चाखून न घेणारे जितके वाढतील तितकी भीड कमी होईल आणि नमुना खऱ्या अर्थाने नमुना राहील. दुकानदारांनीही टेबलामागच्या कामगाराचा पगार त्या दिवशी खपलेल्या बाटल्यांवर टांगू नये; आठ-आठ तास उभ्या असलेल्या मुलीच्या पोटाची काळजी दाखवून माल खपवणं ही गिऱ्हाइकावर आणि तिच्यावर, दोघांवर जबरदस्ती आहे.

आता सवयीचा मुद्दा. नमुन्याने अख्ख्या देशाला सवय लावल्याचं उदाहरण आपल्या रोजच्या कपात आहे. हिंदुस्थानात पिकणारा चहा बराच काळ मुख्यतः बाहेर जाण्यासाठी पिकत होता. १९०३ मध्ये कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. जागतिक मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली, आणि मळेवाल्यांची नजर इथल्या घरांकडे वळली. जत्रांत, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर, घरोघरी चहा करून दाखवला गेला, फुकट पाजला गेला. गांधीजी चहाच्या विरोधात लिहीत होते. त्या काळात कोणी म्हटलं असतं की हे परक्या मळेवाल्यांच्या फायद्यासाठी चाललं आहे, तर ते खरंच होतं.

तरीही चहाची गोष्ट मला बंदीच्या बाजूने जाताना दिसत नाही. फुकट कप देणाऱ्यांनी चहा कसा करावा हेही शिकवलं होतं. भरपूर दूध, साखर, आलं-वेलदोडा घालून पत्ती कमी वापरणं त्यांना नको होतं, कारण खप कमी होत होता. लोकांनी शिकवणी बाजूला ठेवली आणि आपल्याला हवा तसा उकळला. कप तोंडाला लावल्यावर चहा म्हणजे काय हे कळत होतं, तो सोडला तर कोणाचा जीव जात नव्हता, आणि आपल्या मर्जीप्रमाणे बदलण्याची मुभा घेणाऱ्याकडे होती. सवय लागली हे मान्य. पण सवय लागणं आणि परतीचा रस्ता तुटणं यांत फार मोठं अंतर आहे. सिगारेटच्या नमुन्याने ते अंतर पार केलं होतं. अमेरिकेसारख्या बाजारपेठेच्या देशालाही २०१० पासून फुकट सिगारेटींवर बंदी घालावी लागली.

परतीचा रस्ता तुटतो म्हणजे काय, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं तान्ह्या बाळांच्या दुधाच्या डब्यात. आईला दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून. ओढणं कमी झालं की दूध कमी होतं. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत तिच्या हाती दुधाच्या पावडरीचा डबा फुकट आला, बाळ बाटलीवर गेलं, आणि डबा संपेपर्यंत अंगावरचं दूध आटत आलं, की पुढचा डबा विकत घेण्यावाचून तिला मार्ग उरत नाही. हातात पैसे कमी असले की पावडर पाण्यात जास्त पातळ केली जाते. पाणी स्वच्छ नसलं की हगवण लागते. गरीब देशांत कंपन्यांनी परिचारिकेच्या वेशातल्या विक्रेत्या प्रसूतिगृहांत पाठवल्या होत्या, आणि त्याविरुद्ध १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीबाबत आचारसंहिता मंजूर झाली. ११८ देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका. गरोदर बायका आणि मातांना नमुने देऊ नयेत, हे त्या संहितेतलं स्पष्ट कलम आहे.

भारताने त्यापुढे जाऊन १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. शिशुदुग्ध पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार यांचे नमुने वाटायला या कायद्याचं चौथं कलम मनाई करतं. विक्री वाढवण्यासाठी गरोदर स्त्रीशी किंवा आईशी संपर्क साधायलाही मनाई करतं. तक्रारी दाखल करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांना दिला गेला आणि त्यांत मुंबईची ‘अकॅश’ ही ग्राहक-आरोग्य संस्था होती. डबा विकायला बंदी नाही, ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याला तो मिळतो. बंदी आहे ती फुकट देण्यावर. ‘फुकट देण्यात वाईट ते काय’ असं विचारणाऱ्यांनी हा कायदा समजून घ्यावा. इथे डब्यातल्या पावडरीची परख आईने करायचीच नव्हती. तिचं शरीर बदलायचं होतं.

औषधांच्या नमुन्यात तिसरंच कोडं आहे. तिथे नमुना घेतो डॉक्टर, गोळी खातो रुग्ण आणि पैसे भरतो रुग्णाचा मुलगा. म्हणून २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आणलेल्या संहितेत नमुन्याचं पाकीट फार तर तीन रुग्णांच्या उपचाराला लागणाऱ्या डोसापुरतंच असावं, एका डॉक्टरला एका औषधाची वर्षभरात बारांहून जास्त पाकिटं देऊ नयेत आणि सगळ्या नमुन्यांची किंमत कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांवर जाऊ नये, अशा मर्यादा घातल्या. दिशा बरोबर आहे. परख करणारा आणि किंमत मोजणारा वेगळा असेल तर नमुन्याला वेसण हवीच.

आणि खर्च कोणाच्या माथी पडतो हे बघायचं असेल तर मॉल सोडून तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यांकडे या. सौद्यात पेटी फोडून बेदाणा बघितला, चाखला जातो, त्यात गैर काहीच नाही. पण हाताळताना मूठमूठ बेदाणा खाली उधळला जातो, पायदळी जातो, आणि ती तूट शेतकऱ्याच्या वजनातून जाते, ही तक्रार बेदाणा पिकवणाऱ्यांनी वारंवार केली आहे. इथे नमुना फुकट देणारा शेतकरी दुबळा आहे आणि घेणारा व्यापारी जबरदस्त. शेतकऱ्याला ‘नका उधळू’ म्हणता येत नाही, कारण सौदा त्याच दहा-बारा हातांत आहे. फुकट खाणाऱ्यांचा ज्यांना एवढा राग येतो, त्यांच्या तोंडून या उधळणीबद्दल मी कधी अवाक्षर ऐकलेलं नाही. चीजचा एक तुकडा खाणारी मध्यमवर्गीय बाई मात्र त्यांना पुरते.

आपले कायदेही या फरकाबद्दल जागरूक नाहीत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात, कलम १७(५)(ह) नुसार, फुकट नमुना म्हणून दिलेल्या मालासाठी भरलेल्या कराची वजावट उत्पादकाला मिळत नाही. पण ‘एकावर एक फुकट’ दिलं तर मार्च २०१९ च्या परिपत्रकानुसार तो एकाच किमतीत दोन वस्तूंचा पुरवठा समजला जातो आणि वजावट मिळते. याचा अर्थ असा की घेण्याआधी चाखू देणारा मसालेवाला करात मागे पडतो आणि न चाखता दुप्पट गळ्यात मारणारा पुढे राहतो. नोंदणीच्या मर्यादेखालच्या बचत गटाला याची झळ बसत नाही. पण त्यातून वर येऊ पाहणाऱ्या मधल्या उद्योजकाला बसते, आणि गिऱ्हाइकाला तर बसतेच.

त्याहून गंभीर त्रुटी ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक म्हणजे मोबदला देऊन, किंवा देण्याचं कबूल करून, वस्तू घेणारा, अथवा त्याच्या संमतीने ती वापरणारा. वर्तमानपत्रासोबत आलेल्या क्रीमच्या पुडीने एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर चट्टे उठले, तर तिने मोबदला दिलेला नाही. तिला या व्याख्येत बसवणं कठीण आहे. तीच पुडी दोन रुपयांना घेतली असती तर ग्राहक आयोगाचं दार तिच्यासाठी उघडं होतं. अलीकडे तर पुडीच्या बदल्यात मोबाइल नंबर लिहून घेतला जातो. नंबर ही कंपनीच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, नाहीतर ती मागितलीच गेली नसती. मग त्याला मोबदला का म्हणू नये? संसदेने त्या व्याख्येत, विक्री वाढवण्यासाठी दिलेला नमुना स्वीकारणारी व्यक्तीही ग्राहक समजली जाईल, एवढं वाक्य घालावं. त्याने नमुना वाटणाऱ्या प्रामाणिक उत्पादकाचं काही बिघडत नाही, आणि ज्याला आपल्या पुडीची खात्री नाही तो ती वाटण्याआधी प्रयोगशाळेत जाईल.